नोकरी शोधण्याचा हंगाम वेगळा, मिळण्याचा वेगळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नागपूरच्या मिहानमधील एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत २ ऑगस्ट २०२१ रोजी कायम कर्मचारी म्हणून रुजू झाले. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे, वार्षिक व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारा पगाराचा बदलता भाग, एप्रिलच्या पगारासोबत जमा होतो आणि मुलगी दुसरीत शिकते. अप्रेझलची पत्रे हाती पडली की मे महिन्यात कार्यालयातील जवळजवळ प्रत्येक जण बायोडाटा काढून बसतो, असा त्यांचा दरवर्षीचा अनुभव आहे. लोक साधारणतः केव्हा नोकरी शोधतात आणि आपण केव्हा सुरुवात करावी, असे त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये विचारले आहे.

मी नागपुरात भरतीच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहे; आधी बुटीबोरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आणि पुढे प्लेसमेंट सल्लागार म्हणून. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट मला निश्चितपणे सांगता येते. माणसे नोकरी शोधू लागतात ती मनाला काहीतरी लागल्यावर किंवा खात्यात थकलेले पैसे जमा झाल्यावर, तर कंपन्या जागा काढतात त्या आपल्या हिशेबाच्या वर्षानुसार. या दोन वेळा क्वचितच जुळतात, आणि त्यामुळे चांगली माणसे चुकीच्या महिन्यात धावपळ करून निराश होतात. म्हणून ‘लोक केव्हा शोधतात’ याचे उत्तर जाणून घ्यावे ते गर्दी ओळखण्यासाठी. तिच्यात सामील होण्यासाठी नव्हे.

मनाला लागणे म्हणजे बहुधा तुलना. अमेरिकेतील सीईबी या संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीची आकडेवारी २०१६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने छापली होती. नोकरीत रुजू झाल्याच्या वर्षदिनाच्या आसपास नोकरी शोधण्याच्या हालचाली ६ टक्क्यांनी वाढतात, वाढदिवसाच्या आसपास, विशेषतः चाळिशी किंवा पन्नाशी गाठताना, १२ टक्क्यांनी वाढतात आणि वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यासारख्या समारंभानंतर १६ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात दिसले. ते आकडे तिकडचे आहेत आणि ते जसेच्या तसे इथे लावण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा क्रम मला अगदी ओळखीचा वाटतो. साहेबाशी झालेल्या वादापेक्षा बरोबरीच्या मित्राची प्रगती माणसाला अधिक अस्वस्थ करते.

नागपुरात हा स्नेहमेळावा दरवर्षी ठरलेल्या वेळी भरतो, आणि तो म्हणजे दिवाळी. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली मुले ट्रॅव्हल्सने, रेल्वेने, आणि ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारतनेही, वसुबारसेच्या आसपास घरी पोहोचतात. धरमपेठेत किंवा प्रतापनगरात रात्री जुने मित्र चहाला बसतात आणि अर्ध्या तासात विषय पॅकेजवर येतो. पुण्यातल्या मुलाने सांगितलेला आकडा इथल्या मुलाच्या डोक्यात घर करतो. त्या आकड्यातून हिंजवडी-वाकडचे भाडे, रोजचा प्रवास आणि दर महिन्याची नागपूरची खेप वजा केल्यावर हाती काय उरते, हा हिशेब त्या रात्री कोणी करीत नाही. त्याच वेळी उलट दिशेचा विचारही सुरू झालेला असतो. आईवडिलांचे वय वाढल्याचे चार दिवस घरी राहिल्यावरच दिसते, वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले असते, आणि मग पुण्यातल्या मुलाला मिहानमध्ये काही मिळते का, हे पाहावेसे वाटते. तुळशीचे लग्न होईपर्यंत माझ्याकडे दोन्ही प्रकारचे फोन येऊ लागतात. बहुतेकांचे पहिले वाक्य सारखेच असते : ‘बदलायचंच आहे असं नाही, पण सध्या मार्केटमध्ये काय चाललंय ते बघतो आहे.’ हे वाक्य ऐकले की समोरच्या माणसाने अंतर्यामी निर्णय अर्धा घेतलेला आहे, असे मी समजतो, आणि त्याला तेवढ्याच गांभीर्याने उत्तर देतो.

दिवाळीला दुसरे कारण पैशाचे आहे. कायद्याने देय असलेला बोनस किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के असतो आणि तो हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपणाऱ्या आस्थापनेने ३० नोव्हेंबरपर्यंत, द्यावा लागतो. प्रत्यक्षात तो दिवाळीपूर्वी दिला जातो. हिंगणा आणि कळमेश्वर एमआयडीसीतील पर्यवेक्षक, फिटर, स्टोअरकीपर ही मंडळी बोनस हाती पडेपर्यंत थांबतात आणि मग हालचाल करतात. इतवारी-गांधीबागेतील पेढ्यांवरचे दिवाणजी आणि दुकानातील जुने नोकरही लक्ष्मीपूजनानंतर मालक बदलतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कायद्याखालील बोनस हा ज्या वर्षात किमान ३० दिवस काम केले त्या वर्षाचा हक्क आहे; मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा बोनस माणूस ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेला म्हणून बुडत नाही. याउलट कंपनीच्या धोरणानुसार मिळणारा व्हेरिएबल किंवा इन्सेन्टिव्ह बहुतेक ठिकाणी वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असणाऱ्यालाच मिळतो, आणि काही ठिकाणी राजीनामा दिलेल्यालाही नाकारला जातो. या दोन रकमांत गल्लत करून लोक कित्येक महिने विनाकारण अडकून राहतात.

दुसरी मोठी लाट एप्रिल ते जूनची, जिचे वर्णन प्रश्नातच आलेले आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, मूल्यमापन होते, पत्रे एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात येतात. पगारवाढ कमी मिळाली याचे दुःख असतेच. परंतु माझ्या पाहण्यात पगारवाढीपेक्षा शेजारच्या टेबलावरील माणसाला मिळालेली बढती अधिक माणसे बाहेर काढते. त्यात व्हेरिएबल नुकताच जमा झालेला असतो, म्हणजे थांबण्याचे शेवटचे कारणही संपलेले असते. मे आणि जूनमध्ये माझ्यासारख्या सल्लागारांकडे एका जागेसाठी जेवढे बायोडाटा येतात, तेवढे वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही काळात येत नाहीत. जागाही निघतात, हे खरे आहे; पण त्यांतील बऱ्याच जागा सोडून गेलेल्यांच्या बदल्यातील असतात. अशा जागेवर कंपनीला माणूस आजच्या आज हवा असतो आणि सोडून गेलेल्याच्याच पगारात हवा असतो. ज्याचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे, त्याला अशी जागा मुळातच सोयीची नाही.

प्रत्येक व्यवसायाचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे. सीबीएसई शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून शिक्षक जानेवारी ते मार्चमध्ये शोधतात. लेखापाल आणि करसल्लागारांच्या कार्यालयांतील मंडळी जुलै ते ऑक्टोबर या विवरणपत्रांच्या धामधुमीत हलत नाहीत. हलली तर मालक दुखावतो आणि शिफारस मिळत नाही. वित्तसंस्था आणि विमा कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी मार्चचे उद्दिष्ट पूर्ण करून, इन्सेन्टिव्ह घेऊन बाहेर पडतात. परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांना हंगाम असा नाहीच.

कंत्राटी कामगारांबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण नोकरीच्या हंगामावर लिहिणारे त्यांना सहसा वगळतात. नागपूरच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर काम करणारे पुष्कळ मजूर भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातून येतात. जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की ते गावी परततात. ऐन पावसाळ्यात ठेकेदाराकडे माणसे कमी पडतात ती यामुळे. रोवणी आटोपली आणि पोळा झाला की ते पुन्हा शहरात येतात आणि ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीची माणसे कामासाठी जमतात त्या नाक्यावर, उभे राहतात किंवा नव्या ठेकेदाराकडे जातात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणीसाठी पुन्हा काही आठवडे जातात. त्यांच्या दृष्टीने मजुरीचा दर वाढवून मागण्याची खरी वेळ जुलै हीच आहे, कारण त्या महिन्यात मागे राहिलेल्या माणसाची किंमत ठेकेदाराला कळते. ज्यांच्या घरी शेतीला दुसरे हात आहेत, त्यांनी त्या वेळी मागणी करावी, असे मी त्यांना नेहमी सांगतो.

आता कंपनीच्या बाजूकडे वळू. ज्या कंपन्यांचे हिशेबाचे वर्ष जानेवारीला सुरू होते, म्हणजे प्रामुख्याने परदेशी कंपन्यांची येथील कार्यालये, त्यांच्याकडे नव्या जागांना मंजुरी जानेवारीत मिळालेली असते. एप्रिल ते मार्च हे वर्ष पाळणाऱ्या कंपन्यांत वेगळीच गोष्ट घडते. चालू वर्षासाठी मंजूर झालेली जागा मार्चअखेर भरली नाही, तर ती पुढच्या वर्षी पुन्हा मागावी लागते आणि ती मिळेलच याची खात्री विभागप्रमुखाला नसते. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत विभागप्रमुख स्वतः मनुष्यबळ विभागाच्या मागे लागलेला असतो. या काळात मुलाखतीच्या फेऱ्या लवकर लागतात, पगाराच्या बोलणीत सवलत मिळते आणि ९० दिवसांची वाट पाहण्याची तयारीही असते, कारण ऑफर पत्र मार्च संपण्यापूर्वी निघाले की जागा सुरक्षित झाली, असा त्यांचा विचार असतो. अर्ज करणारे मात्र तेव्हा कमी असतात, कारण ते व्हेरिएबलची वाट पाहत बसलेले असतात. एवढ्या एकाच मुद्द्यासाठी हे उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

थंड मानल्या जाणाऱ्या दिवसांचेही तसेच आहे. पितृपक्षात रुजू व्हायला आपल्याकडे बहुतेक लोक तयार नसतात; घटस्थापना किंवा दसऱ्याची तारीख मागतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आहे, १७ मे ते १५ जून, आणि त्या काळातील रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलण्याची विनंती काही घरांतून नक्की येईल. कोणाची श्रद्धा असेल तर तिचा मान राखावा, आणि समंजस कंपन्या तो राखतातही. पण रुजू होणे आणि मुलाखत देणे या भिन्न गोष्टी आहेत. पितृपक्षाच्या पंधरवड्यात किंवा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्जांची संख्या घटते, भरती करणाऱ्या माणसाला बायोडाटा नीट वाचायला वेळ मिळतो आणि फोनवर तो सविस्तर बोलतो. निर्णय कदाचित पुढच्या महिन्यात होईल, पण यादीत नाव वर लागलेले असते.

आठवड्याचा आणि दिवसाचा विचार फार करू नये. रविवारी रात्री, दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या विचाराने, अनेक जण नोकरीच्या संकेतस्थळावर जातात आणि सोमवार-मंगळवारी त्यांचे अर्ज येऊन पडतात, एवढे खरे आहे. त्याहून महत्त्वाचे हे की नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर आम्ही उमेदवार शोधतो तेव्हा अलीकडच्या दिवसांत सक्रिय असलेल्यांचीच यादी बहुधा मागतो. सहा महिन्यांपूर्वी भरलेला उत्तम बायोडाटाही त्यामुळे आमच्यासमोर येत नाही. शोध सुरू असताना आठवड्यातून एकदा प्रोफाइलमध्ये काहीतरी खरे आणि उपयुक्त अद्ययावत करावे, आणि सध्याच्या कंपनीला आपले प्रोफाइल दिसू नये यासाठीची सोय आधी वापरावी.

प्रश्नकर्त्यांच्या स्वतःच्या तारखा आता मांडून पाहू. त्यांच्या नोकरीला १ ऑगस्ट २०२६ रोजी पाच वर्षे पूर्ण होतील. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेसाठी, पाच वर्षांच्या सलग सेवेची अट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने निश्चित मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांसाठी ती एक वर्षावर आणली, पण कायम कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षेच आहे. ४ वर्षे २४० दिवस पुरेसे आहेत असे काही न्यायनिर्णयांत म्हटले आहे, मात्र सगळ्या आस्थापना ते आपणहून मान्य करीत नाहीत आणि तेवढ्यासाठी दाद मागत फिरणे नव्या नोकरीत कोणाला परवडत नाही. रक्कम लहान नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये धरले, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणल्यावर एका वर्षाचे २२,५०० रुपये होतात आणि पाच वर्षांचे १,१२,५०० रुपये. दोन-अडीच महिन्यांच्या घाईसाठी एवढी रक्कम सोडू नये. नवी कंपनी ती भरून देण्यास तयार असेल तर गोष्ट निराळी, आणि तसे विचारण्यात काहीही गैर नाही.

म्हणजे त्यांनी शोधाला जानेवारी २०२६ च्या पहिल्या पंधरवड्यात सुरुवात करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती होतील, मार्चअखेरपर्यंत ऑफर हाती असावी. एप्रिलच्या पगारासोबत व्हेरिएबल जमा झाल्यावर, ११ मे २०२६ च्या आसपास राजीनामा द्यावा. तेथून ९० दिवस ९ ऑगस्टला संपतात आणि पाच वर्षे त्याआधीच पूर्ण होतात. ज्या मे महिन्यात त्यांचे सहकारी बायोडाटा काढून बसतील, त्या महिन्यात त्यांचे काम झालेले असेल. मार्चमध्ये हाती आलेली कंपनी ऑगस्टपर्यंत थांबेल का, ही शंका येईल. काही थांबणार नाहीत, आणि ते मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत स्पष्ट सांगून कळून घेणे बरे. ज्यांना ९० दिवसांच्या नोटीस पीरियडची सवय आहे, अशा मोठ्या कंपन्यांना आणखी पाच-सहा आठवडे जड जात नाहीत, विशेषतः माणूस मार्चमध्येच निश्चित होत असेल तर.

मुलीच्या शाळेमुळे मात्र एक पेच उभा राहतो. नागपुरातच राहायचे असेल तर काही प्रश्न नाही. पुण्याला जायचे असेल तर लक्षात ठेवावे की तिकडच्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तर विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात; या फरकामुळे आपल्याला अजून वेळ आहे असे वाटत राहते आणि तिकडचे प्रवेश संपून जातात. ऑगस्टमध्ये रुजू होणाऱ्याने कुटुंबाला त्याच वर्षी न्यायचे ठरवले असेल, तर प्रवेशाची चौकशी जानेवारीतच, नोकरीच्या शोधाबरोबर करावी. माझे मत विचाराल तर दुसरीतल्या मुलीला एक वर्ष नागपुरात आजी-आजोबांजवळ राहू द्यावे आणि पुढच्या सत्रात न्यावे. नवी नोकरी, नवे घर आणि नवी शाळा एकाच महिन्यात आलेल्या कुटुंबांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, आणि तिचा परिणाम पहिल्या सहा महिन्यांच्या कामावरही होतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलताना नव्या कंपनीला एप्रिलपासूनच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्यावा. तो न दिल्यास प्रमाणित वजावट आणि कराचे टप्पे दोन्हीकडे स्वतंत्रपणे धरले जातात आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता त्याच यूएएनवर, म्हणजे निधीच्या कायम खाते क्रमांकावर, वर्ग करावा. पाच वर्षांची करमुक्ततेची आणि दहा वर्षांची निवृत्तिवेतनाची मोजणी त्यामुळे तुटत नाही.

शेवटची खबरदारी राजीनाम्याच्या दिवसाची आहे. काही कंपन्या राजीनामा आल्यावर नोटीस पीरियड पूर्ण होण्याची वाट न पाहता उरलेल्या दिवसांचा पगार देऊन माणसाला आधीच मोकळे करतात, आणि तसे जुलैत घडले तर पाच वर्षे पूर्ण होणार नाहीत. म्हणून नियुक्तिपत्रातील नोटीसविषयक कलम आत्ताच काढून वाचावे. लवकर मोकळे करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला असेल आणि त्यांच्या विभागात तो पूर्वी वापरला गेला असेल, तर राजीनामा ३ ऑगस्टला, सोमवारी, द्यावा. नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील सांगावी, आणि ती तिला मान्य नसेल तर नोटीसचे उरलेले दिवस विकत घेण्याची, म्हणजे बायआउटची, रक्कम कोण भरणार हे ऑफर पत्रात लिहून घ्यावे.